फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप? आधी स्क्रीन बघा, प्रोसेसर नंतर

फोनवर स्नॅपसीड किंवा लाइटरूम वापरून फोटो एडिट करणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत एक वेळ येते. कॅमेरा हातात येतो, मित्राच्या ताईच्या साखरपुड्याचे फोटो काढायला कोणीतरी बोलावतं, थोडे पैसे मिळतात आणि घरी आल्यावर कळतं की या आठशे रॉ फाइल्स फोनवर निस्तरणं आपल्याच्याने होणार नाही. मग साठ-सत्तर हजारांचा प्रश्न समोर येतो. लॅपटॉप की डेस्कटॉप? अनेकांची ही पहिलीच मोठी खरेदी असते, तीही ईएमआयवर. निवड चुकली तर हप्ता चालू राहतो आणि काम मात्र अडतं.

आधी एक स्पष्ट सांगतो. तुम्ही फोननेच फोटो काढत असाल आणि ते इन्स्टाग्रामवरच जात असतील, तर अजून काहीच घेऊ नका. आजकालच्या मधल्या किमतीच्या फोनची ओएलईडी स्क्रीन रंगांच्या बाबतीत स्वस्त लॅपटॉपपेक्षा चांगली असते. हा लेख ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, रॉ फाइल्स आहेत आणि कधीतरी प्रिंट किंवा अल्बम द्यायचा आहे, त्यांच्यासाठी आहे.

दुकानात गेलात की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं. 'आय५ घ्या, आय७ घ्या, जनरेशन बघा.' मी उलट क्रमाने जाणार आहे: स्क्रीन, मग रॅम आणि स्टोरेज, आणि शेवटी प्रोसेसर. फोटो एडिटिंगमध्ये पैसे वाया जातात ते याच क्रमाच्या गोंधळात.

स्क्रीन

एडिटिंग म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते बघून निर्णय घेणं. स्लायडर किती सरकवायचा हे डोळे ठरवतात आणि डोळ्यांना माहिती देते ती स्क्रीन. तीच खोटं सांगत असेल तर आत कितीही भारी प्रोसेसर बसवा, चुकीचे रंग फक्त लवकर एक्स्पोर्ट होतील.

हे खोटं नेमकं कुठून येतं ते बघू. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो एसआरजीबी नावाच्या रंगपट्ट्यात असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने तो १९९६ मध्ये मांडला आणि आजही वेबसाइट, ॲप आणि बहुतेक प्रिंट लॅब त्यावरच चालतात. चांगली स्क्रीन यातले जवळपास १०० टक्के रंग दाखवते. पण कमी बजेटच्या अनेक लॅपटॉपच्या स्पेक्समध्ये खाली कुठेतरी '४५% एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी १९५३ मध्ये ठरलेलं मोजमाप. ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या हिशोबात साधारण ६० ते ६५ टक्के. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त रंग ती स्क्रीन दाखवूच शकत नाही. ७२% एनटीएससी लिहिलं असेल तर ते जवळपास १००% एसआरजीबीच्या बरोबरीचं असतं, तो चालेल.

प्रत्यक्षात याचा परिणाम कसा होतो? हळदीचे फोटो घ्या. पिवळा रंग आणि नवरीच्या साडीचा लाल, दोन्ही अशा स्क्रीनवर फिके दिसतात. साहजिकच तुम्ही सॅच्युरेशन वाढवता. स्क्रीनवर आता बरं दिसतं. मग फोटो क्लायंटच्या फोनवर जातात आणि त्या ओएलईडी स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे नारंगी! तुमचं एडिटिंग वाईट नव्हतं, तुम्हाला दाखवलेलंच अर्धवट होतं.

यात सगळ्यात जास्त फसतात ते स्वस्त गेमिंग लॅपटॉप घेणारे. 'ग्राफिक्स कार्ड आहे, १४४ हर्ट्झ आहे, म्हणजे एडिटिंगला मस्त' असा समज असतो. हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. स्थिर फोटोला त्याचा काडीचा उपयोग नाही. एकाच मॉडेलचे दोन-तीन प्रकार वेगवेगळ्या पॅनलसह विकले जातात, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव बघून चालत नाही. कंपनीच्या साइटवर त्याच पार्ट नंबरपुढे '१००% एसआरजीबी' लिहिलंय का ते बघा. रंगांबद्दल काहीच लिहिलं नसेल तर पॅनल साधा आहे असं धरून चला. चांगला असता तर मोठ्या अक्षरात जाहिरात केली असती.

ओएलईडी स्क्रीनचे लॅपटॉपही आता मधल्या बजेटमध्ये मिळतात. त्यांची अडचण उलटी आहे. त्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवतात, त्यामुळे सगळंच गडद आणि चमकदार दिसतं आणि तुम्ही रंग कमी करत जाता. अशा लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड असतो का ते बघा. असेल तर एडिटिंग त्यातच करायचं.

आता डेस्कटॉपचा फायदा इथे बघा. डेस्कटॉपमध्ये स्क्रीन तुम्ही वेगळी निवडता. जवळपास १००% एसआरजीबी दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर साधारण आठ-दहा हजारांत मिळून जातो. लॅपटॉपमध्ये तसलाच पॅनल हवा असेल तर अख्खा लॅपटॉप वरच्या बजेटचा घ्यावा लागतो. आकाराचाही फरक आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो आणि फुल एचडी स्क्रीनवर जेमतेम २० लाख पिक्सेल असतात. म्हणजे १०० टक्के झूमवर तुम्हाला फोटोचा बारावा हिस्सा दिसतो, आणि त्यातही डाव्या-उजव्या बाजूला सॉफ्टवेअरची पॅनल्स जागा खातात. १५.६ इंचावर आणि २४ किंवा २७ इंचावर हेच काम करून बघा, मान आणि डोळे दोन्ही फरक सांगतील. जमत असेल तर २७ इंची २५६० × १४४० वाला मॉनिटर घ्या. तेवढं जमत नसेल तर २४ इंची फुल एचडी पुरे. पण २७ इंची फुल एचडी मात्र टाळा, त्यावर पिक्सेल मोठे दिसतात आणि शार्पनेसचा अंदाज चुकतो.

हा मॉनिटर लॅपटॉपलाही एचडीएमआयने जोडता येतो. हा तिसरा मार्ग आहे आणि त्याच्याकडे आपण नंतर येऊच.

रॅम: अल्बम करणाऱ्यांनी हा हिशोब बघावा

८ जीबी की १६ जीबी यावर वाद घालण्यापेक्षा सरळ गुणाकार करू. ॲडोबी फोटोशॉपसाठी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगतं. का?

२४ मेगापिक्सेलचा रॉ फोटो डिस्कवर २५-३० एमबीचा असतो. पण सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर तो पसरतो. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक आकडा १६ बिट म्हणजे २ बाइट. २.४ कोटी × ३ × २ म्हणजे १४४ एमबी. हा झाला एक फोटो, एक लेयर. स्किन रिटचिंगसाठी लेयर डुप्लिकेट केली की तेवढेच अजून.

आता आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमकडे या. १२ × ३६ इंचाची शीट आणि ३०० डीपीआय म्हणजे ३६०० × १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. ८ बिटमध्येसुद्धा पूर्ण शीटची एक लेयर सुमारे ११७ एमबी. त्यावर सहा-सात फोटो, बॅकग्राउंड, डिझायनर पीएसडीमधल्या फुलांच्या आणि मास्कच्या लेयर. एक शीट सहज दीड-दोन जीबीपर्यंत जाते. फोटोशॉप शिवाय हिस्टरीही सांभाळत असतो, म्हणजे तुम्ही मागे जाऊ शकता. मागे विंडोज आणि क्रोम तीन-चार जीबी घेऊन बसलेलेच असतात. ८ जीबीची रॅम भरली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतो, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात, आणि माउस हलवला की तीन सेकंदांनी हलतो तो याच कारणाने. लोक मग प्रोसेसरला शिव्या देतात.

तर १६ जीबी ही सुरुवात समजा. अल्बम डिझाइन हेच मुख्य काम असेल तर ३२.

डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. लॅपटॉपमध्ये ते मॉडेलवर अवलंबून. अनेक पातळ लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे आज जी घेतली तीच शेवटपर्यंत. काहींमध्ये ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा असतो. घेण्याआधी 'रॅम स्लॉट किती, मोकळा किती' हे विचाराच. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या स्पेक्स पानावर मिळतं. आणि 'आत्ता ८ घेतो, नंतर वाढवीन' या बेतावर सध्या फार विसंबू नका. २०२५च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या, आणि क्रुशियल या नावाने आपल्यासारख्यांना रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तो धंदा बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नंतरची रॅम स्वस्तच मिळेल याची खात्री राहिलेली नाही.

स्टोरेज आणि बॅकअप

एका लग्नाचे २००० रॉ फोटो धरले तर ५०-६० जीबी झाले. सीझनला पंधरा लग्नं केली तर ७५० ते ९०० जीबी. लॅपटॉपमध्ये येणारी ५१२ जीबीची एसएसडी तुळशीच्या लग्नापासून धरली तर मार्चच्या आत भरलेली असेल.

चालू काम एसएसडीवर आणि झालेलं काम हार्ड डिस्कवर, अशी विभागणी सगळ्यात स्वस्त पडते. एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला हजारो एमबी वाचते, साटा एसएसडी साधारण ५५० पर्यंत, आणि फिरणारी हार्ड डिस्क शंभर ते दोनशेच्या आसपास. त्यामुळे हार्ड डिस्कवरून थेट एडिटिंग करू नका. कॅबिनेटमध्ये (ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तो डबा) ४ टीबीची हार्ड डिस्क आत बसते आणि कायम जोडलेली राहते. लॅपटॉपला हे बाहेरून लटकवावं लागतं, आणि बाहेरची हार्ड डिस्क टेबलवरून पडते. पडतेच.

बॅकअपच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे नियम तोच. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच बॅगेत ठेवून एसटीने फिरत असाल तर ती एकच प्रत आहे असं समजा. दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत.

प्रोसेसर: आय५ म्हणजे नेमका कोणता आय५?

इथे लॅपटॉप आणि डेस्कटॉपमधला खरा तांत्रिक फरक आहे आणि तो नावात लपवलेला असतो. इंटेलच्या १२व्या जनरेशनचे तीन 'आय५' घेऊ.

आय५-१२३५यू हा पातळ लॅपटॉपमध्ये येतो. दहा कोअर, पण त्यातले मोठे फक्त दोन, बाकी आठ छोटे आणि कमी ताकदीचे. बेस पॉवर १५ वॉट. आय५-१२४५०एच हा जाड लॅपटॉपमध्ये, चार मोठे आणि चार छोटे कोअर, बेस पॉवर ४५ वॉट. आय५-१२४०० हा डेस्कटॉपचा. सहा कोअर, सगळे मोठे, बेस पॉवर ६५ वॉट आणि जोर लागला की ११७ पर्यंत. तिघांच्या डब्यावर 'आय५, १२वी जनरेशन' एवढंच मोठ्या अक्षरात. कोअर मोजून निवडाल तर सगळ्यात कमजोरच पहिला येईल!

वॉटचा मुद्दा असा की प्रोसेसर वीज खातो तितकीच उष्णता बाहेर टाकतो. डेस्कटॉपमध्ये मोठा पंखा आणि मोकळी जागा असते. लॅपटॉपमध्ये ती उष्णता बोटभर जाडीतून बाहेर काढायची असते. एक फोटो एडिट करताना हा फरक जाणवणार नाही, कारण ताण काही क्षणांचाच असतो. पण ८०० फोटो एक्स्पोर्टला लावले की पातळ लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. पंखाच नसलेल्या मॅकबुक एअरलाही लांबलचक एक्स्पोर्टमध्ये हेच होतं, जरी त्याची स्क्रीन आणि चिप दोन्ही उत्तम आहेत.

म्हणून लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलमध्ये नंबरच्या शेवटी एच, एएमडीमध्ये एच किंवा एचएस बघा. यू असेल तर हलक्या कामापुरता.

डेस्कटॉप असेंबल करताना दुसरं एक अक्षर लक्षात ठेवा: एफ. आय५-१२४००एफ स्वस्त पडतो कारण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. शिवाय इंटेलचं क्विक सिंक, जे व्हिडिओ एडिटिंगमध्ये खूप मदत करतं, तेही जातं. रील्स किंवा वेडिंग फिल्म करायची असेल तर एफ टाळलेला बरा. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं का? साध्या कलर करेक्शनला, क्रॉपिंगला, अल्बमला नाही. लागतं ते एआय फीचर्सना. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये एआय डिनॉइज आलं. अंधारातल्या वरातीचे हाय आयएसओ फोटो त्याने खरंच वाचतात. पण ते जवळपास पूर्णपणे ग्राफिक्स कार्डवर चालतं. बिल्ट-इन ग्राफिक्सवर एका फोटोला मिनिटं लागतात, चांगल्या कार्डवर सेकंद. पाचपन्नास फोटोंना ते करायचं असेल तर कार्ड घ्या, शक्यतो ८ जीबी मेमरीचं. इथेही लॅपटॉपचं नाव फसवं आहे. आरटीएक्स ४०६० डेस्कटॉपमध्ये ११५ वॉटचं असतं, लॅपटॉपमध्ये त्याच नावाचं कार्ड कंपनीनुसार ३५ ते ११५ वॉट यातलं काहीही असू शकतं. आणि चार्जर काढला की गेमिंग लॅपटॉपचं कार्ड बऱ्यापैकी मंदावतं, त्यामुळे 'बॅटरीवर कुठेही एडिटिंग' हे जाहिरातीपुरतंच.

वीज गेली तर?

परदेशी यूट्यूबर हा मुद्दा घेतच नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या गावात हाच निर्णायक ठरू शकतो.

लाईट गेली की डेस्कटॉप तिथेच बंद. लाइटरूमचा कॅटलॉग हा आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे. एसक्यूलाइट अशा धक्क्यातून सावरायला बनवलेलाच आहे, बहुतेक वेळा काही होत नाही. पण फोटोशॉपमध्ये शीटवरचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, आणि बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. त्यामुळे डेस्कटॉपच्या बजेटमध्ये यूपीएस धरायचाच, तो ऐच्छिक नाही. ६०० व्हीएचा यूपीएस कार्ड नसलेल्या पीसीला आणि मॉनिटरला बॅटरी नवी असताना साधारण दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचं, काम चालू ठेवायचं नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीएच्या आसपासचा बघा. आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नाही असं समजा.

रोज तीन-चार तास लाईट जात असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर इतर सगळे हिशोब बाजूला ठेवून लॅपटॉप घ्या. चार्जरशिवाय वेग कमी होईल, पण काम होईल.

वीजबिलाचा फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १५० वॉट धरले आणि रोज सहा तास काम केलं तर ०.९ युनिट. लॅपटॉप ६० वॉटने ०.३६ युनिट. महिन्याला फरक सोळा युनिटच्या आसपास.

मग कोणी काय घ्यायचं?

घरी एक कायमचं टेबल आहे, शूट करून आल्यावर तिथेच बसून काम करता, वीज बऱ्यापैकी टिकते: डेस्कटॉप. माझं मत इथे स्पष्ट आहे. त्याच पैशात जास्त चांगली स्क्रीन, जास्त वेग आणि काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा. एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदला. लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीनंतर गेला की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच बघायला लागतो.

हॉस्टेलवर राहता, पुण्यात कॉट बेसिसवर आहात, दर वर्षी रूम बदलते, किंवा शूटच्या रात्रीच हॉलवर बसून दहा-वीस फोटो क्लायंटला द्यावे लागतात: लॅपटॉप. एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि शक्यतो १००% एसआरजीबी.

आणि आता तो तिसरा मार्ग, जो मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी सगळ्यात पटतो. एच प्रोसेसरचा लॅपटॉप घ्या, स्क्रीन साधी असली तरी चालेल, आणि घरी किंवा रूमवर २४ इंची चांगला मॉनिटर जोडा. बाहेर लॅपटॉपवर फक्त निवड करायची, कुठला फोटो ठेवायचा, कुठला टाकायचा. रंगांचं काम मॉनिटरवरच. हा मॉनिटर पुढे डेस्कटॉप घेतलात तरी वापरात राहतो. मॉनिटर लगेच जमत नसेल तर दोन-तीन ऑर्डरनंतर घ्या, पण तोवर अल्बमला हात लावू नका.

ॲपलचा मॅक मिनीही यात बसतो. एम४ वाला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात १६ जीबी आणि २५६ जीबी स्टोरेजसह ५९,९०० रुपयांना आला. फोटो एडिटिंगला तो जबरदस्त आहे, वीज अगदी कमी खातो, म्हणजे छोट्या यूपीएसवरही जास्त वेळ टिकतो. पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे, रॅम नंतर वाढत नाही आणि २५६ जीबी दोन-तीन लग्नांत भरते, म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. हे सगळं मिळवून बेरीज करा आणि मग ठरवा. तुमचा अल्बम डिझाइनचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो का हेही आधी बघा.

बजेट फारच कमी असेल तर कंपन्यांमधून निघालेले रीफर्बिश्ड डेस्कटॉप मिळतात. त्यात इंटेलची ८वी जनरेशन किंवा त्यानंतरचाच घ्या. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यात १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि उरलेल्या पैशात नवा आयपीएस मॉनिटर. जुन्या पीसीसोबत येणारा जुना मॉनिटर तिथेच ठेवून या. सॉफ्टवेअरचे पैसे नसतील तर डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत आणि शिकण्यासारखे आहेत. क्रॅक फोटोशॉपच्या नादी लागू नका. अशा फाइल्समधून आलेलं रॅन्समवेअर सगळ्या फोटोंना एकदम कुलूप लावू शकतं.

दुकानात आणि घरी आल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात असेंबल करत असाल तर कोटेशन लेखी घ्या, त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि नंबर हवा. 'एसएसडी ५१२' एवढंच लिहिलेलं चालणार नाही, कंपनी आणि मॉडेल हवं. एसएमपीएस कुठला लावतात तिथे डोळ्यात तेल घालून बघा, पैसे वाचवण्याची ती दुकानदाराची आवडती जागा असते. जीएसटी बिल घ्याच, प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळी असते आणि बिलाशिवाय ती मिळवताना त्रास होतो.

लॅपटॉप दुकानात बघताना पेन ड्राइव्हवर तुमचे स्वतःचे दोन-तीन फोटो न्या, ज्यांचे रंग तुम्हाला पाठ आहेत. कंपनीचे डेमो फोटो कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात. स्क्रीन थोडी मागे-पुढे झुकवा. चेहऱ्याची छटा बदलत असेल तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी इमेज उघडून मेलेले पिक्सेल बघा.

घरी आल्यावर मॉनिटरच्या मेनूत 'व्हिव्हिड', 'गेम' असले मोड बंद करून एसआरजीबी मोड लावा. विंडोजमधला नाइट लाइट बंद करा, नाहीतर रात्री सगळं पिवळसर दिसेल आणि तुम्ही निळा वाढवत बसाल. ब्राइटनेस पूर्ण ठेवायची सवय असेल तर ती मोडा. अल्बम काळपट छापून येण्याचं नेहमीचं कारण तेच आहे: झगमगत्या स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, म्हणून तुम्ही तो गडद ठेवता, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. प्रिंटसाठी १०० ते १२० निट्स ब्राइटनेस पुरतो. मोजायला यंत्र नसेल तर स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा, खोलीतला दिवा नेहमीसारखा चालू ठेवून. स्क्रीनचा पांढरा रंग कागदापेक्षा दिव्यासारखा भगभगीत दिसत असेल तर ब्राइटनेस कमी करत या.

डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं कॅलिब्रेटर महाग असतं, पण ते रोज लागत नाही, महिन्यातून एकदा पुरतं. त्यामुळे गावातल्या तीन-चार फोटोग्राफरनी वर्गणी काढून एक घेतलं तरी चालतं. आणि पहिला अल्बम छापायला टाकण्याआधी त्याच लॅबमधून चार-पाच फोटोंचे छोटे प्रिंट काढून आणा. एक हळदीचा, एक रात्रीचा, एक काळ्या कोटातला नवरदेव, एक पांढऱ्या कपड्यातले आजोबा. ते स्क्रीनशेजारी धरून बघा आणि फरक दिसला तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस बदला, मग फोटो.